मुद्गल फिरवणे: माप, पकड, फेरे आणि नेहमीच्या चुका

उलटा_फेरा

मुद्गल म्हणजे व्यायामासाठी हातात धरून फिरवायचा, बाटलीसारख्या आकाराचा लाकडी नग. त्याबद्दल कुणाला विचारलं की एकतर "जड घ्या" असं उत्तर येतं, नाहीतर "व्हिडिओ बघा" असं. दोन्हीतून हाताला काही लागत नाही. म्हणून जाणकारांनी इथे नेमकं लिहावं यासाठी हा धागा. किती लांब, किती जड, कुठे धरायचा, कुठून सोडायचा, आणि बिघडलं तर नक्की काय बिघडलं, एवढ्यापुरतंच बोलू.

सुरुवात मी करतो. इथे 'मुद्गल' म्हणजे हलकी जोडी, नगाला अर्धा ते दीड किलो. आखाड्यातली पाच किलो आणि त्यापुढची जोडी हा वेगळा प्रकार आहे, त्याचं तंत्रही वेगळं. दोन्हींची गल्लत झाली की पहिल्या आठवड्यातच कोपर धरतं.

हलक्या मुद्गलात खांदा सर्व बाजूंनी फिरवायचा, मनगट मोकळं ठेवायचं आणि दोन हात एकाच वेळी वेगवेगळी कामं करताना चाल तुटू द्यायची नाही. दंड फुगवायचे असतील तर हे साधन चुकीचं आहे. मुद्गल हा लंबक आहे. तो खाली येताना हाताने आड यायचं नाही आणि वर जाताना वेळेवर थोडा हात द्यायचा. सगळ्या चुका या दोनपैकी एक बिघडल्यामुळे होतात.

नव्या माणसासाठी माझं माप: वजन ५०० ते ७०० ग्रॅम, लांबी ४५ ते ५० सेंमी. धडधाकट माणसानेही इथूनच सुरू करावं. लाकूडकामाचं कातारींनी लिहावं.

कातारी

लिहितो. मुद्गलाचे चार भाग धरा: मूठ (टोकाला गोळा), मान, पोट, बूड. ५० सेंमीच्या नगाची मापं अशी:

टोकाचा गोळा ३५ ते ४० मिमी व्यासाचा. मूठ आणि मान मिळून १३ सेंमी, जाडी २५ मिमी. मानेपासून पोट फुगत जातं आणि पुढच्या २५ सेंमीवर सगळ्यात जाड होतं, तिथे ७५ मिमी. मग शेवटच्या १२ सेंमीत कमी होत बुडाशी ५० मिमी. बूड सपाट ठेवा म्हणजे मुद्गल उभा राहतो.

या मापाचं लाकूड साधारण ९७० घन सेंमी भरतं. सागाचा केला तर ६०० ते ६५० ग्रॅम, शिसवाचा केला तर पाऊण किलोच्या पुढे. म्हणजे आकार तोच ठेवून केवळ लाकूड बदललं तरी वजनात सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो. मागणी देताना "सातशे ग्रॅमचा करा" एवढंच सांगितलं तर कारागीर मान जाड करून वजन भरून काढतो, आणि तो नग हातात फिरतच नाही. माप सांगा, लाकूड सांगा, वजन जे येईल ते येऊ द्या.

तोलबिंदू बघायचाच. मुद्गल बोटावर आडवा तोलून बघा. वरच्या मापात तो गोळ्यापासून सुमारे ३३ सेंमीवर येतो, म्हणजे लांबीच्या दोन तृतीयांशावर. जोडीतल्या दोन नगांच्या वजनात १५ ग्रॅमपर्यंत फरक चालतो, पण तोलबिंदूत अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त नको. वजनातला फरक हाताला फारसा कळत नाही, तोलातला लगेच कळतो.

लाकडाच्या शिरा मुठीपासून बुडापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. मानेजवळ शिरा तिरप्या बाहेर पडत असतील किंवा तिथे गाठ असेल तर तो ठोकळा खरादावर (लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर) चढवूच नका. मुद्गल मोडतो तो मानेत मोडतो, आणि मोडला की सगळं पोट सुटून उडतं. ओलं लाकूडही नको. वाळताना बुडाकडून चीर जाते आणि पोटापर्यंत पोचते.

घासणं: १२०, मग १८०, मग २४० नंबरचा पॉलिश पेपर. मुठीवर वार्निश मारू नका, घाम आला की हात सटकतो. जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. तेल पुसलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेतं. पसरून वाळवा, मगच टाका. (हे अवांतर नाही. खरादाभोवती भुसा असतोच.)

पायजमा_पैलवान

वाचनखूण साठवली आहे. ज्यांना लगेच सुरू करायचं आहे त्यांनी पाण्याच्या बाटल्या वापरल्या तर?

कातारी

अर्धी भरलेली बाटली सर्वात वाईट. पाणी आत हेलकावतं, तोल दर क्षणाला हलतो आणि हात ती धरून ठेवायला लागतो. काठोकाठ भरली तर निदान तोल स्थिर राहतो, पण मान आखूड असते, झाकणाशी धरायला गोळा नसतो, आणि घट्ट आवळल्याशिवाय ती हातात राहत नाही. मग शिकायला मिळतं ते आवळणं. फेऱ्याची दिशा डोक्यात बसवायला लाटणं बरं. हलकं असतं, पण सरळ फिरतं.

त्रिज्या

वजनावर भांडण होणारच आहे, त्याआधी थोडे आकडे ठेवतो.

हात सरळ, नग १ किलोचा. खांद्यापासून मुद्गलाच्या तोलबिंदूपर्यंतचं अंतर साधारण ९० सेंमी धरू. फेऱ्याचा वेग सगळीकडे सारखा धरला तर हाताला जाणवणारी ओढ अशी:

एक फेरा १.५ सेकंदात: तळाला सुमारे २.६ किलो, माथ्यावर ०.६ किलो बाहेरच्या बाजूला.
एक फेरा १ सेकंदात: तळाला सुमारे ४.६ किलो.
एक फेरा १.९ सेकंदात: माथ्यावर ओढ जवळजवळ शून्य.

प्रत्यक्षात माथ्यावर गती मंदावते, म्हणून हे अंदाजाचे आकडे. पण दोन गोष्टी पक्क्या. एक, वेग दीडपट केला की फेऱ्यामुळे येणारी ओढ सव्वादोनपट होते. अर्धा किलोचा नग घाईने फिरवणारा माणूस एक किलो निवांत फिरवणाऱ्यापेक्षा कोपरावर जास्त ताण घेऊ शकतो. दुसरी, फेरा १.९ सेकंदांपेक्षा सावकाश झाला तर माथ्यावर मुद्गल हातावर रेलतो. तिथे तो धरावा लागतो आणि फेरा चौकोनी होतो. १.९ हा काही जादूचा आकडा नाही, ९० सेंमीच्या लंबकाचा झोका तेवढाच असतो.

म्हणून मिनिटाला ३५ ते ४० मोठे फेरे (हात सरळ ठेवून घेतलेले) ही शिकण्याची चाल. याहून हळू करायला गेलात तर उलट अवघड होईल.

लांबीचंही असंच. मुठीपासून तोलबिंदूचं अंतर दुप्पट केलं की आडवा धरताना मनगटावरचा पीळ दुप्पट होतो, पण मनगटातून दिशा बदलायला लागणारा जोर चौपट. त्यामुळे "तेवढंच वजन, जरा लांब नग" हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा असतो.

मनगट

पकडीबद्दल. तीन पकडी आहेत आणि तिन्ही लागतात.

पूर्ण मूठ: करंगळी गोळ्याला टेकलेली, अंगठा बोटांवर. मोठ्या फेऱ्यांसाठी, थोड्या जड नगासाठी.

सरळ अंगठा: अंगठा मानेवर लांब ठेवलेला. मुद्गलाचं तोंड (बुडाकडचं टोक) कुठे आहे ते अंगठ्यावरून कळतं, म्हणून दिशा शिकताना हीच पकड ठेवा. जास्त वेळ ठेवली तर अंगठ्याचं मूळ दुखतं.

चिमटी: गोळा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात, बाकीची दोन बोटं सैल. मनगटी फेऱ्यात (हात जवळपास जागेवर ठेवून मुद्गल फिरवताना) गोळा बोटांच्या खोबणीत फिरतो, मनगट जेमतेम वळतं. मुठीत आवळून मनगटी फेरा करायला गेलं की मनगट शेवटपर्यंत वळतं, तिथे अडतं, आणि उरलेला फेरा कोपर ओढून पूर्ण करतं. कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखायला लागतं ते बहुतेक यामुळेच.

किती घट्ट धरायचं? तळाला मुद्गल येतो त्या क्षणी घट्ट, माथ्यावर जाताना सैल. प्रत्येक फेऱ्यात पकड एकदा आवळते, एकदा सुटते. सतत आवळलेली असेल तर दोन मिनिटांत हाताचा पुढचा भाग भरून येतो. तेवढी एक खूण पुरे.

उलटा_फेरा

आता फेरे. सगळं एका हाताने शिकायचं, दुसरा हात कमरेवर.

उभं राहणं: पाय खांद्यांइतके लांब, गुडघे कुलूप न लावलेले, वजन दोन्ही टाचा-चवड्यांवर सारखं. मुद्गल खांद्यासमोर उभा, कोपर बरगडीजवळ, मूठ छातीच्या उंचीवर. याला सुरुवातीचा टप्पा म्हणा. प्रत्येक फेरा इथूनच सुटतो आणि इथेच परत येतो.

छातीपुढे वीतभर अंतरावर एक भिंत आहे असं समजा आणि पाठीमागे दुसरी. मुद्गल कायम या दोनपैकी एका भिंतीला घासून चालतो, मधे कुठेही नाही. नवशिक्यांचे निम्मे दोष 'भिंत सोडली' या एकाच सदरात जातात.

१. पुढचा मोठा फेरा, बाहेरचा. मूठ वर, मग बाहेर, हात पूर्ण सरळ होईल तसा मुद्गल खाली पडू द्या, मांडीपुढून आत आणि दुसऱ्या खांद्यापुढून परत वर. १० फेरे.

२. तोच आतला. उलट दिशा. १० फेरे. बहुतेकांना हा सोपा वाटतो आणि म्हणून यात कोपर वाकतं.

३. पाठीमागचा लहान फेरा. मूठ कानामागे, कोपर वर आणि बाहेर. मुद्गल डोक्यामागे खाली लोंबू द्या आणि तिथेच पाठीमागच्या भिंतीवर एक फेरा काढा. मूठ जवळपास जागेवरच राहते, फिरतो तो मुद्गल.

४. जोडफेरा. एक पुढचा मोठा, लगेच एक मागचा लहान, परत मोठा. हा जमला की मुद्गल जमायला लागला म्हणायचं. बाकी नावाजलेले प्रकार बहुतेक याच्याच दिशा आणि क्रम बदलून होतात.

पहिला आणि दुसरा फेरा डोळे मिटून दहा वेळा न अडखळता होत नाही तोवर तिसऱ्याला हात लावू नये असं माझं मत. (डोळे मिटायचे ते मोकळ्या जागेत.)

त्रिज्या

जोडफेऱ्यात चाल का तुटते ते वरच्या हिशोबातच आहे. मोठ्या फेऱ्याचा लंबक ९० सेंमीचा, लहान फेऱ्याचा जेमतेम २८ ते ३० सेंमीचा. पहिल्याचा नैसर्गिक काळ १.९ सेकंद, दुसऱ्याचा १.१ च्या आसपास. लोक दोन्ही फेरे एकाच मोजणीत बसवायला बघतात. मग मागे मुद्गल लवकर येऊन थांबतो आणि परत ढकलावा लागतो. उपाय दोन: मोठा फेरा जरा जोरात घ्या, किंवा मागच्या फेऱ्यात मूठ थोडी मुद्गलाबरोबर फिरू द्या म्हणजे वर्तुळ मोठं होतं. बसलेला हात दोन्ही थोडं थोडं करतो.

नवखा_भिडू

मागच्या फेऱ्यात मुद्गल पाठीवर किंवा खांद्याच्या पात्यावर आपटतो, त्याचं कारण काय? कोपर वर आहे, मूठही कानामागे आहे.

मनगट

तीन कारणं असतात, या क्रमाने तपासा.

मूठ कानामागे असली तरी डोक्याला चिकटलेली असते. ती चार-पाच सेंमी वर आणि तेवढीच मागे न्या.

तळहाताची दिशा. मुद्गल खाली लोंबतो तेव्हा तळहात डोक्याकडे हवा. तो आकाशाकडे वळला की मनगट मागे मोडतं आणि मुद्गलाचं तोंड पाठीत शिरतं.

तिसरं जरा वाईट: खांदा तेवढा उघडतच नाही. तपासायला पाठ, डोकं आणि कंबर भिंतीला टेकवून उभं राहा आणि दोन्ही हात सरळ वर न्या. हात भिंतीला लागायच्या आधीच कंबर भिंतीपासून सुटत असेल तर मागच्या फेऱ्यात तेच होतं. पोट पुढे येतं, कमरेत बाक पडतो आणि वर मुद्गल पाठीवर आपटतो. अशा वेळी तीन-चार आठवडे पुढचेच फेरे करावेत. सोबत रोज नुसत्या हाताने मागचा फेरा, मुद्गलाशिवाय.

खांदा एकदा निखळलेला असेल, किंवा हात वर नेताना टोचून दुखत असेल तर मागचा फेरा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हाताला मुंग्या आल्या तर त्या दिवशीचं बंद.

जुना_आखाडा

सगळं शास्त्रशुद्ध चाललंय, पण अर्धा किलोच्या काडीला मुद्गल म्हणायचं हे पटत नाही. जोडी म्हणजे दोन्ही खांद्यांपुढे उभी धरलेली, पाच किलोच्या पुढची. एक एक करून डोक्यावरून मागे सोडायची, पाठीमागे झोका घेऊ द्यायचा आणि झोक्याच्या शेवटाला खेचून परत खांद्यापुढे आणायची. डावी, उजवी, डावी, उजवी. यात पाठ, कंबर, मांड्या सगळं कामाला लागतं.

आणि यात मनगट फिरवायचं नसतं. ज्या हाताची जोडी मागे जाते त्याच्या उलट पायावर भार न्यायचा, गुडघा किंचित मोडायचा, झोका आपल्याकडे परत यायला लागला की कंबर सरळ करत कोपर खाली ओढायचं. झोका परत फिरायच्या आधी खेचलं की सगळा भार खांद्यावर. उशिरा खेचलं की जोडी खांद्यापर्यंत पोचत नाही, कपाळाजवळ येऊन अडते. दुसरा हात या काळात गप्प: जोडी उभी, मनगट सरळ, कोपर बरगडीला. गप्प हात कलला की चाल गेली.

उलटा_फेरा

@जुना_आखाडा, तंत्राशी पूर्ण सहमत, "काडी"शी असहमत. तुम्ही सांगता त्या प्रकारात एकच वाट आहे, मागे आणि परत. वजन वाढवायला त्यात जागा आहे. हलक्या नगात वाटा वाढवायला जागा आहे. एकातून दुसऱ्यात जायचं असेल तर आधी हलका, मग जड असाच क्रम ठेवावा. उलटा क्रम घेतलेला हात हलक्या नगालाही खेचतच राहतो.

त्रिज्या

किंचित अवांतर: या "काडी"चा उगम तुमच्याच जोडीत आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्यातल्या लोकांनी जोडी इथे पाहिली, हलकी करून तिकडे कवायतीत नेली आणि तिला नाव दिलं इंडियन क्लब. पुढे १९०४च्या सेंट लुईस आणि १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा झाली. आज ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये जे क्लब दिसतात ते नगाला किमान १५० ग्रॅमचे, ४० ते ५० सेंमी लांब. ते फेकायचे-झेलायचे असतात, त्यामुळे त्यांच्यावर मुद्गलाचे फेरे शिकू नयेत. एवढ्या हलक्या नगाचा झोका हाताला जाणवतच नाही.

इराणमधल्या झुरखान्यात (तिथल्या पारंपरिक व्यायामशाळेत) याचा भाऊ आहे, 'मील'. तोही जड, आणि जुना_आखाडा सांगतात तसाच खांद्यावरून मागे सोडायचा.

पायजमा_पैलवान

दोन हातांचं कुणी लिहिलंच नाही.

उलटा_फेरा

क्रम असा ठेवा. आधी आरशासारखं: दोन्ही हात एकाच वेळी बाहेर, दोन्ही आत. मुद्गल मधे एकमेकांना भेटायला येतात, म्हणून एक हात दुसऱ्यापेक्षा वीतभर पुढे ठेवा, नाहीतर मांडीपुढे टाळी वाजते आणि बोटं सापडतात. मग समांतर: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे. इथे कंबर वळते, वळू द्या, पण टाचा जमिनीवर. शेवटी अर्ध्या फेऱ्याचं अंतर: एक माथ्यावर असताना दुसरा तळाला. यातून चक्कीसारखे प्रकार निघतात.

समांतरात कच्चा हात मागे पडतो. पक्का हात त्याच्यासाठी थांबवू नका. थांबलं की दोघांचीही चाल जाते. कच्च्या हाताने एकट्याने २० फेरे करा आणि परत जोडा.

कातारी

जागेचं राहिलं. हात सरळ केल्यावर मुद्गलाचं टोक जिथे पोचतं त्यापुढे अर्धा मीटर चारी बाजूंनी मोकळं हवं. वरचं माप लोक विसरतात. १७० सेंमी उंचीच्या माणसाचं वर केलेल्या हातातल्या मुद्गलाचं टोक २.४ ते २.५ मीटरवर जातं. छताला लागलं नाही तरी पंखा त्याच उंचीवर असतो, चालू असो वा बंद. फरशी असेल तर खाली रबराची चटई. सटकलेला मुद्गल बुडावर पडला तर फरशी फुटते, मुठीवर पडला तर मान.

नवखा_भिडू

रोज किती वेळ? आणि वजन कधी वाढवायचं?

मनगट

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस, दिवसाला आठ-दहा मिनिटं. प्रत्येक हाताने १० बाहेरचे, १० आतले, अर्धा मिनिट थांबा, असे तीन वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून त्यात मागचा फेरा घाला, फक्त ५-५. जोडफेरा त्यानंतर.

वजनाआधी प्रकार वाढवा. आहे त्या नगाने जोडफेरा, आरसा आणि समांतर प्रत्येकी दोन मिनिटं न तुटता होत असेल तर पुढचा नग, तोही २५० ग्रॅमच्या आत वाढवून. नवा नग घेतला की पहिले आठ दिवस पुन्हा पुढचे फेरेच. कंटाळवाणं आहे, पण कोपराजवळचे स्नायू हाडाला जोडणारे बंध स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात.

पायजमा_पैलवान

आणि मानेजवळ बारीक चीर दिसली तर? डिंक भरून चालेल का?

कातारी

बुडाला चीर असेल तर भरा, घासा, वापरा. पोटावर केसाएवढी उभी चीर असेल तर तिच्या टोकाला पेन्सिलने खूण करून ठेवा आणि महिन्याने बघा, खुणेपुढे गेली तर काढून टाका. मानेत असेल तर कशानेही भरू नका. मूठ कापून टाका आणि उरलेल्या पोटाचा खुंटा करा.